मौनाचं उद्यापन

मी मौनव्रत घेतलं आहे, ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली.

लातूरच्या दवाखान्यातून सुटी होऊन मी धाकट्या बहिणीच्या घरी आलो, तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. गळ्याला पट्टी, पट्टीवर बायकोने गुंडाळलेला लोकरी मफलर आणि डोक्यावर लातूरचं ऊन. गाडीतून उतरलो तर दारात आई उभी. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ती माझ्या पाया पडायला वाकली.

मी विंचू दिसल्यासारखा मागे सरलो.

"असू दे रे," आई म्हणाली. "व्रताच्या मानसाला वय नसतंय. माय बी वाकते."

तिच्या खांद्यामागून बहिणीने मला हात जोडले. दादा, नंतर सांगते, असं तिचे डोळे म्हणत होते.

नंतर सांगितलं ते असं. आमचे वडील एका साध्या म्हटल्या गेलेल्या ऑपरेशनसाठी आपल्या पायांनी दवाखान्यात गेले आणि परत आले ते चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून ऑपरेशन हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही. म्हणून माझ्या गळ्यातली गाठ काढायची ठरली तेव्हा आईला बहिणीकडे आणून ठेवलं आणि सांगितलं, दादा-वहिनी माहूरला गेलेत, रेणुकाआईच्या दर्शनाला. हे ठीक होतं. पण परत आल्यावर काही दिवस दादाच्या तोंडून शब्द निघणार नाही, त्याचं काय? बहिणीने डोकं चालवलं. दादाने देवीपुढे मौन धरलंय.

आणि मफलर? व्रतात गळा झाकून ठेवायचा असतो.

'हे कुठल्या पोथीत आहे?' मी पाटीवर लिहून विचारलं.

"माझ्या," बहीण म्हणाली. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे दादा. मग बोल की पोटभर."

आता पडदा जरा मागे ओढतो, म्हणजे हा पोटभर बोलणारा दादा कोण ते कळेल. मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण ती झाली पोटाची गोष्ट. माझा खरा धंदा बोलण्याचा. आमच्या भागात माझ्या निवेदनाशिवाय कुणी निवृत्तसुद्धा होत नसे. लग्नात नवरी मंडपात उशिरा आली, तर तेवढा वेळ वऱ्हाडाला हसवत ठेवायला मला माईक देत. गणपतीच्या आरतीला माझा सूर लागला की तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठून बसत. हे मी अभिमानाने सांगतो.

आणि या आवाजाचा सगळ्यात मोठा उपयोग घरातच होता. आईला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नाही. कुकरची शिटी कळते, ढोल कळतो, ढग गडगडलेले कळतात, पण माणूस बोललेला कळत नाही. कानाचं मशीन आणलं होतं. तिने ते एक दिवस घातलं आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणाली, "समद्या बाजाराचा कालवा येतोय त्यात. मला फकस्त घरचं ऐकायचंय." फक्त माझा आवाज, उजव्या कानाशी एका विशिष्ट पट्टीत लावला, की तिला शब्द न् शब्द कळायचा. म्हणून रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की चहा घेऊन मी तिच्या बाजेवर बसायचो आणि दिवसभराचं नाटक करून दाखवायचो. प्राचार्य मी, शिपाई मी, उशिरा आलेली पोरगी मी. वर्तमानपत्र मी. नातेवाइकांचे फोन मी. बायको म्हणायची, "अहो, हळू. खालचे विचारतात, भांडण झालं का?" आई पदर तोंडाला लावून हसायची. तिच्यापर्यंत जग यायचं ते माझ्या घशातून.

तो घसा घेऊन मी लातूरला गेलो होतो. ऑपरेशन आपल्या डोळ्यांसमोर व्हावं, असा बहिणीचा हट्ट होता. गाठ निघाली. साधी होती. डॉक्टर हसले, आम्ही हसलो. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी तोंड उघडायचो आणि नुसती हवा निघायची. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. एक फळी हलत होती. दुसरी नुसती पडून होती.

"शीर नाजूक असते," डॉक्टर म्हणाले. अशा ऑपरेशनमध्ये हे होऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मीच तेव्हा कागदावर सही करता करता त्यांना एक विनोद सांगत होतो. "येऊ शकतो आवाज. हळूहळू. नाहीही येणार पहिल्यासारखा. वाट पाहायची, व्यायाम करायचे."

मी पाटीवर लिहिलं, 'किती वाट?'

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही देव मानता का?"

'अधूनमधून,' मी लिहिलं.

"मग सध्या जरा रोज माना," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी येऊन बहिणीने आईला खुणांनी कळवलं की व्रत वाढवलंय. आईचं तोंड फुललं.

पाटीचा आईपुढे काही उपयोग नव्हता. तिला अक्षरओळख नाही. मी एकदा सवयीने पाटीवर काहीतरी लिहून तिच्यापुढे धरलं. तिने ती निरखून पाहिली आणि पदराने स्वच्छ पुसून परत दिली.

बहिणीच्या गल्लीत घरोघरी शिकवणीला आलेली मुलं-मुली राहतात. मान खाली, हातात पुस्तक, चालतासुद्धा पाठ करत चाललेली. त्या गल्लीत आईने माझं व्रत गाजवलं. तिला ऐकू येत नाही, पण बोलता चांगलं येतं, आणि बहिरी माणसं हळू बोलत नाहीत. दोन दिवसांत बायका नमस्काराला यायला लागल्या. एक आजी नातीला घेऊन आल्या. "महाराज, हिच्या डोक्यावर हात ठेवा. डॉक्टरकीची परीक्षा हाय." नात अशी ओशाळली होती की मला तिची दया आली. मी हात ठेवला. तिच्या कानाशी हळूच काहीतरी पुटपुटावं असं वाटलं, पण पुटपुटायलाही घसा लागतो. तिचा निकाल काय लागला कोण जाणे. निकालाच्या आधीच आम्ही नांदेड गाठलं.

हे सगळं मी आता रंगवून सांगतोय. तेव्हा रंग नव्हता. तेव्हा मी माणसांना टाळत होतो. फोन वाजला की उठून आत जायचो. आपण बोलतो म्हणून आपण आहोत, अशी ज्याने पन्नास वर्षं समजूत करून घेतली त्याला बोलता येईना की आरशातसुद्धा कुणी अनोळखी दिसतं. आणि संध्याकाळ झाली की आई बाजेवर सरकून माझ्यासाठी जागा करायची. मी जाऊन बसायचो. ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी तिच्या हातांकडे.

तिने मात्र माझं व्रत फार मनावर घेतलं. रोज पहाटे येऊन पायाचा अंगठा ओढून उठवायची. अंघोळ, पाट, समई. देव्हाऱ्यापुढे बसवायची आणि शेजारी स्वतः बसायची. देव्हाऱ्यात रेणुकेचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला नुसता मुखवटा, आणि बाजूला आईची वेताची परडी. ती परडी माहूरची. आमचं मूळ गाव त्याच डोंगराच्या अलीकडे. तरणी होती तोवर आई दर मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. घरात खायला आहे म्हणून जोगवा टळत नाही. देवीच्या नावाने दुसऱ्याच्या दारात हात पसरायचा, एवढाच त्याचा नेम. माझ्या नोकरीनंतर मी तिला म्हणालो होतो, "माय, सरांची आई पीठ मागते असं म्हणतात लोक." ती म्हणाली होती, "म्हनू दे. सर खायाला देत न्हाईत का, असं बी म्हनतील." पुढे गुडघे गेले आणि परडी देव्हाऱ्याशी बसली.

पाटावर मी आधी नट म्हणूनच बसत होतो. भूमिका मिळाली होती, निभवायची होती. डोळे मिटायचे, मधूनमधून पापणी किलकिली करून आई बघतेय का ते बघायचं. देवाशी माझं नातं तोवर असं होतं की तो माझ्या श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसलेला एक मान्यवर. मी त्याचं स्वागत करायचो, शाल-श्रीफळ द्यायचो आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळायचो.

पण नट किती वेळ टिकणार? गुडघ्यांना मुंग्या येत. मग मी आतल्या आत बोलायला लागलो. सुरुवातीला भांडण. एवढी तोंडं तुझ्या या गावात शिव्या देत फिरतात, माझंच सापडलं का? मग सौदा. मग विनवणी. दिवसामागून दिवस मी मनातल्या मनात देवीपुढे निवेदन करत होतो, चांगली चांगली वाक्यं जुळवून. आणि एका सकाळी सगळं बोलून संपलं. खरंच संपलं. मला काहीच सुचेना. समईची वात तडतडत होती, आईचं पुटपुटणं चाललं होतं. मी उठलो नाही. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीसकट मी तिथे बसून राहिलो, आणि कुणीतरी आपल्याला बसू देतंय असं मला वाटलं. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही. आवाज असता तर यापेक्षा जास्त सांगितलं असतं आणि ते खोटं झालं असतं.

नांदेडला परतल्यावर एक दिलासा होता, समोरच्या दारातले साहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले. त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्ती, आमच्या बैठकीत देव्हारा, आणि मधल्या मोकळ्या जागेत देव आहे की नाही यावर आमचं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण. मी परत आल्याचं कळलं तसे ते संध्याकाळी आले, खुर्ची ओढून बसले.

"सर, तुमची पंचाईत झाली. आता वाद कसा घालायचा?"

मी हात पसरले.

"काळजी करू नका. तुमच्या बाजूचं पण मीच बोलतो. इतकी वर्षं ऐकून पाठ झालंय."

आणि खरोखर ते रोज येऊन दोन्ही बाजूंनी भांडायला लागले. माझं बोलताना ते हात माझ्यासारखे उडवत. एकदा माझ्या बाजूने बोलता बोलता त्यांनी असा काही मुद्दा काढला की स्वतःच थबकले. "अरेच्चा," म्हणाले, "हे तुम्हाला कधी सुचलं नव्हतं!" आणि उठून गेले. पुष्कळ दिवसांनी मी हसलो. हसण्याचाही आवाज आला नाही, पण पोट दुखलं.

आणि मग आईने तो प्रश्न विचारला, जो बहिणीच्या पोथीत लिहायचा राहून गेला होता.

"उद्यापन कवा?"

व्रत धरलं की त्याचं उद्यापन करावंच लागतं. न करून सुटका नाही. मी खुणेने सांगितलं, बघू. तिने मान हलवली.

"बघू न्हाई. लई दिस झाले. आता सोड मौन. मला बी कुनाचंच काई कळंना झालंय बाबा. घरात समदी मुकी मानसं फिरून राहिलीत असं वाटतंय." मग म्हणाली, "येत्या मंगळवारी कर. परडी घे. पाच घरं जोगवा माग. पयला शब्द आईच्या नावाचा उच्चार. मग तुझं काय कॉलेजचं असंल ते सांगत बस मला."

बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अहो, सांगून टाकू या आता."

बहीण फोनवर म्हणाली, "वहिनी, नको. तिला कळलं की दादाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तर ती अन्न सोडेल. दादाला म्हणा, नुसते ओठ हलव. तिला कुठं ऐकू येतंय?"

मी पाटी बाजूला ठेवली. कारण माझ्या मनात तिसरंच होतं. मला वाटत होतं, येईल. इतके दिवस पाटावर बसलो. आईची परडी हातात असेल, ओठांवर देवीचं नाव असेल, मग तेवढ्यापुरता तरी का येणार नाही? पडदा उघडतो आणि मुका नट बोलतो, असा अंक मी मनात लिहून ठेवला होता. टाळ्यांसकट.

मंगळवारी सकाळी पांढरा सदरा घातला, गळ्यात मफलरऐवजी उपरणं. आईने परडीत भंडारा टाकला, कपाळाला मळवट भरला, माझ्या गळ्यात उपरण्यावरून कवड्यांची माळ घातली. एका हाताने काठी, दुसऱ्याने माझा दंड धरून ती निघाली. आमच्या इमारतीतलीच पाच घरं करायची होती.

पहिलं दार तळमजल्यावर, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंचं. बेल वाजवली. बाई हेल्मेट हातात घेऊनच आल्या, ऑफिसला निघालेल्या. मराठीचे सर परडी घेऊन उभे बघून त्यांनी हेल्मेट मागे लपवलं.

मी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. देवीचं नाव घेतलं.

कुकरचं झाकण सैल बसलं की शिटी न होता वाफ जशी नुसती फसकन निघून जाते, तसं झालं.

बाईंना सगळं माहीत होतं, सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि वाटीभर पीठ आणून परडीत घातलं. पाया पडल्या. आई माझ्या ओठांकडे बघत होती आणि मग बाईंकडे. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच. माझ्या मनातला अंक दर दाराला फाटत गेला. तिसऱ्या दारापाशी मी श्वाससुद्धा भरला नाही, नुसते ओठ हलवले.

जिन्यात आई थांबली. पायरीवर बसली. मला शेजारी ओढलं.

"बाबा, तू बोललास न्हवं?"

मी मान हलवली. हो.

"त्येंनी ऐकलं न्हवं? पीठ घालून गेल्या."

हो.

आई काठीच्या मुठीवर हात फिरवत राहिली.

"मग माझे कान गेले," ती म्हणाली. "उरलेले बी गेले. तू तोंड उघडलंस, मला काईच आलं न्हाई. तुझा बी आवाज न्हाई आला."

मी तिच्याकडे वळलो.

"जाऊ दे," ती म्हणाली. डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. "तुझं एवढं मोठं व्रत पार पडलं, तर देवी काईतरी घेनारच. माझे कान घेतले. घेऊ दे. तुझं काई न्हाई ना घेतलं. चल, दोन घरं राह्यलीत."

आणि ती काठी टेकून उठायला लागली.

मी आजवर श्रद्धेवर व्याख्यानं दिली आहेत. हार घालून घेऊन दिली आहेत. त्या पायरीवर मला श्रद्धा पहिल्यांदा दिसली, आणि ती आमच्याच घरच्या खोट्यावर उभी होती. माझ्या ओठांच्या नुसत्या हालचालीवर माझी आई आपले कान सोडून द्यायला निघाली होती, आणि वर पुढची दोन घरं करणार होती.

मी तिला खाली बसवलं. कवड्यांची माळ काढली, उपरणं काढलं. तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला, आडव्या व्रणावर. तिची बोटं त्यावरून गेली, थांबली, परत उलटी गेली. मग मी तोंड उघडून, जीव खाऊन, तिला हाक मारली. माय. गळ्यातून फुस्स अशी हवा निघाली. तिच्या तळहाताखाली काहीच थरथरलं नाही.

"कापलंय?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"आपरेशन?"

तो शब्द तिनेच उच्चारला. मी पुन्हा मान हलवली. मग बोटं गळ्यापासून तोंडाकडे नेली आणि हवेत सोडून दिली. गेला.

तिचा हात माझ्या गळ्यावरच होता. खाली आवारात कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती. मी वाट बघत होतो, आई रडेल, कोसळेल, अन्न सोडेल. तिच्या कपाळावर आठी पडली. ती हिशेब लावत होती.

"म्हंजे तू बोलत व्हतास ते कुनालाच येत नव्हतं?"

नाही.

"त्या बँकवालीला बी न्हाई?"

नाही.

"म्हंजे," आईचा चेहरा उजळला, "कान हाईत माझे!"

आणि ती हसली. खरोखर हसली, पदर तोंडाला लावून, संध्याकाळी बाजेवर हसायची तशी. हसता हसता तिला रडू फुटलं आणि रडता रडता तिने काठी माझ्या पाठीत घातली. फार जोरात नाही, फार हळूही नाही.

"मेल्यांनो, देवीच्या नावावर खोटं बोलता? तुझी ती लातूरची भवानी तर येऊ दे माहेरी!" मग एकदम थबकून, "मग वरत खोटं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. डोळे मिटले, मांडीवर हात ठेवले, पाटावर बसतो तसा बसून दाखवलं. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत होती. नाटक आहे का ते तिला लगेच कळतं. सगळ्यात जुनी प्रेक्षक तीच.

"बसत व्हतास खरा," ती शेवटी म्हणाली. "बसलास ते खरं. बाकी तुझ्या बहिनीचं. ऊठ."

मी माळ पुन्हा घातली. उपरणं पायरीवरच राहिलं. चौथ्या दारापाशी मी बेलकडे हात नेला, तर आईने तो बाजूला सारला. परडी माझ्या हातात तशीच ठेवली, काठी भिंतीला टेकवली आणि तोंड वर करून ओरडली.

"रेणुकाआईचा उदो उदो! जोगवा वाढा मायऽऽ!"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. चौथं दार उघडलं. वरच्या मजल्यावरची दोन उघडली. ज्यांच्याकडे आधी जाऊन आलो होतो तेही बाहेर आले. एक बाई तर गॅस बंद करून धावत आल्या, कुणी पडलं की काय म्हणून.

पाचवं दार आमच्या समोरचं. साहेबांचं. तिथे आई थांबली तेव्हा मी तिचा दंड धरून तिला पुढे न्यायला लागलो. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना आम्ही कधी तीर्थप्रसादाचा आग्रह केला नव्हता, त्यांनी कधी आमच्या देव्हाऱ्याला बोल लावला नव्हता. पण आई हलेना. आणि हाळी एव्हाना तिसऱ्या गल्लीत पोचली होती, साहेबांपर्यंत कशी नाही पोचणार? त्यांनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात पेपर. आधी आईकडे पाहिलं, मग परडीकडे, मग माझ्या उघड्या गळ्याकडे.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे. मी देवीला वाढत नाही."

मी मान हलवली. मला ठाऊक होतं. मला लाज वाटली.

आईला यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता. ती म्हणाली, "तुझं आन् तिचं जमत न्हाई, मला ठावं हाय. तिला नको वाढू. मला वाढ. मी दारात उभी हाय. तिला काय द्यायचं ते माझं मी बघते."

साहेबांनी पेपर दोनदा घडी केला. त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी कधीच आत वळल्या होत्या. ज्वारीच्या पिठाने भरलेलं ताट त्यांनी आणलं. साहेबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, बनियनवरच बाहेर आले आणि वाकून स्वतः परडीत ओतलं. परडी भरून पीठ माझ्या हातांवर सांडलं.

"मावशीला," ते मला बजावून म्हणाले.

मी हसलो.

"हसू नका. आज संध्याकाळी तुमच्या बाजूचं मी काही बोलणार नाही. तुमची वकील घरातच आहे."

त्या पिठाची भाकरी आईने स्वतः थापली. पाच घरचं पीठ, कुठलं जाडं, कुठलं बारीक, एकात तांदळाचं मिसळलेलं. भाकरी तव्यावर फुगली नाही, चिरली. आईने पहिला तुकडा देवीपुढे ठेवला, दुसरा मला दिला आणि तिसरा ताटलीत झाकून समोर पाठवला.

पुष्कळ दिवस झाले त्याला. बहीण माहेरी येऊन काठी खाऊन गेली. माझा आवाज आला नाही, म्हणजे तो जुना आला नाही. चांगली फळी हळूहळू पलीकडे सरकून दुसरीला जाऊन टेकायला शिकतेय, असं डॉक्टर म्हणतात. खरखरीत, फुटक्या मडक्यासारखा काहीतरी निघतो. वर्गात मी कमरेला छोटा माईक बांधून शिकवतो. भाजीच्या हातगाडीवर असतो तसला. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मेथी कशी दिली?" वर्ग हसला, मीही हसलो, माईकमधून ते हसणं करवतीसारखं आलं. आता मी कमी बोलतो. पोरं म्हणतात, पूर्वीपेक्षा कळतं. हा मला टोमणा आहे हे मला समजतं.

आईपर्यंत यातलं काही पोचत नाही. संध्याकाळी मी बाजेवर बसतो, हातवारे करून दिवस सांगतो आणि ती तो मोठ्याने, साफ चुकीचा, सगळ्या इमारतीला सांगते. प्राचार्यांचं परवा तिने लग्न लावून दिलं.

पहाटेचं बसणं मात्र सुटलं नाही. ती अंगठा ओढते, मी उठतो. आताशा बसण्याआधी ती माझ्या गळ्यावर हात ठेवते आणि मी तिला हाक मारतो. माय. एवढाच शब्द. ती डोळे मिटून वाट बघते, मग हात काढून घेते आणि समई लावते. 

परवा तिने हात जरा जास्त वेळ ठेवला.

"हाललं वाटतं," ती म्हणाली.

बायको दारातून म्हणाली, "श्वास असेल तो."

असेल. मी पुन्हा हाक मारली.